छापील किंमत : औषधांच्या भावाचा एक इतिहास

२०१८च्या पावसाळ्यात माझे वडील न्यूमोनियाने आजारी पडले. तालुक्याच्या गावाहून त्यांना शहरातल्या एका खासगी रुग्णालयात हलवावे लागले. अकराव्या दिवशी घरी सोडताना हातात सतरा पानी बिल आले. आम्ही भावंडांनी मिळून ते भरले. वडील त्या आजारातून उठले, हे महत्त्वाचे. पण त्यांची निवृत्तीच्या वेळची ठेव मोडली ती मोडलीच.

घरातल्या इतरांनी बिलाचा शेवटचा आकडा पाहिला. मी मधली सतरा पाने वाचली, कारण ती वाचण्याची सवय मला होती. उमेदीची नऊ वर्षे मी मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे जमाखर्च लिहीत होतो. वडिलांना दिवसातून तीनदा दिलेले प्रतिजैविकाचे इंजेक्शन बिलात छापील किमतीला लावले होते. रुग्णालयाला ते साधारण कितीला पडत असेल, हे मी जुन्या ओळखीच्या एका माणसाला फोन करून विचारले. त्याने सांगितलेला भाव छापील किमतीच्या चौथ्या हिश्शाहून कमी होता.

मी रुग्णालयाच्या औषध-काउंटरवर गेलो. तिथला मुलगा अदबीने बोलला. म्हणाला, “काका, छापील किमतीच्या वर एक पैसा घेतलेला नाही. हवं तर बाटलीवर बघा.” मी बाटली पाहिली. त्याचे म्हणणे खरे होते. कुठलाही नियम मोडलेला नव्हता.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. बाटलीवरची ती किंमत कोणी छापली? कशाच्या आधाराने? आणि तिला कायद्याचे कवच कधी मिळाले? उत्तर शोधत मी समित्यांचे अहवाल, राजपत्रे आणि न्यायालयाचे निकाल वाचत गेलो. मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्रज्ञही नाही. पण जमाखर्च लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते: आकडा आपोआप उगवत नाही, तो कोणीतरी लिहिलेला असतो.

परळ आणि पिंपरी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि जानेवारी १८९७मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. तीच १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट. सार्वजनिक पैशातून औषध तयार करायचे आणि लोकांना पुरवायचे, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे. पुढे या संस्थेचे संचालक झालेले साहिबसिंग सोखी हे औषधे देशातच आणि सरकारी क्षेत्रात बनली पाहिजेत, असे आग्रहाने मांडत राहिले.

खासगी देशी कारखानेही उभे राहत होते. प्रफुल्लचंद्र राय यांचे कोलकात्यातील बेंगॉल केमिकल, बडोद्यातील अलेम्बिक आणि १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत स्थापन केलेली सिप्ला ही त्यांतली ठळक नावे. पण नव्या औषधांच्या बाबतीत त्यांचे हात बांधलेले होते. १९११चा पेटंट कायदा इंग्रजी अमलातला. त्यात औषधाच्या रेणूवरच मक्तेदारी मिळवता येई आणि ती पुढे सोळा वर्षांपर्यंत गेली. परदेशी कंपन्या इथे पेटंट घेऊन ठेवत आणि माल मात्र बाहेरून आणून विकत.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दुसरी वाट धरून पाहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना काढला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. आजही पिंपरीतली जुनी माणसे तिला ‘एच.ए. कंपनी’ म्हणतात. त्या परिसरात आधी कारखाना आला आणि शहर त्याच्याभोवती वाढले. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. शेवटी त्यांच्याकडे परत यायचे आहे.

मधुमेहाच्या गोळीचा खटला

सरकारी कारखाना निघाला, तरी कायदा जुनाच होता. त्याचा परिणाम काय होई, हे मुंबई उच्च न्यायालयात १९६८ साली निकाल लागलेल्या एका खटल्यातून कळते.

टोल्ब्युटामाइड हे मधुमेहावरचे तोंडाने घ्यायचे औषध. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीकडे त्याचे पेटंट होते. इकडे हाफकिन इन्स्टिट्यूटने हे औषध बनवण्याची प्रक्रिया विकसित केली आणि तिच्या आधारे मुंबईच्या युनिकेम कंपनीने ते बाजारात आणले. हेक्स्टने दावा लावला. आमची प्रक्रिया वेगळी आहे आणि ती एका सार्वजनिक संस्थेने शोधलेली आहे, हा युनिकेमचा बचाव होता. न्यायालयाने हेक्स्टच्या बाजूने निकाल दिला. कायदा जसा होता, तसा तो वाचला गेला.

हे पुढे यायचे आहे, याची जाणीव राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. १९४८ साली न्या. बक्षी टेकचंद यांची समिती नेमली गेली होती. १९५९ साली न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी अधिक सविस्तर अहवाल दिला. भारतातील पेटंटांपैकी ऐंशी ते नव्वद टक्के परदेशी लोकांच्या नावावर आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांवर इथे उत्पादनच होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीने औषध कंपन्यांची चौकशी आरंभली. औषधांच्या किमती जगात सर्वाधिक असलेल्या देशांमध्ये भारताची गणना करावी लागते, असा उल्लेख तिच्या अहवालात आला. ज्या देशात दरडोई उत्पन्न तळाला होते, त्या देशात औषध सर्वांत महाग मिळत होते.

केफॉव्हर यांनी आणखी एक साधे निरीक्षण नोंदवले होते. या बाजारात औषध निवडणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा असतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, रुग्ण पैसे मोजतो. भाजी घेताना आपण दोन गाड्यांवर भाव विचारतो. औषध घेताना तसे करू शकत नाही. हे निरीक्षण मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

दोन कुलपे

किमतींवर पहिला हात सरकारने युद्धामुळे टाकला. चीनने आक्रमण केल्यावर टंचाईच्या भीतीने १९६२ साली औषधांच्या किमती जाहीर करण्याचे बंधन आले आणि पुढच्या वर्षी १ एप्रिल १९६३ रोजी असलेल्या भावांवर त्या गोठवल्या गेल्या. संकटापुरता काढलेला हा आदेश पुढे कायमचा झाला. १९७० साली जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेश निघाला. त्याच वर्षी संसदेने नवा पेटंट कायदा मंजूर केला. तो २० एप्रिल १९७२पासून लागू झाला.

या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात. पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी काढून टाकली. पेटंट राहिले ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेवर आणि तेही पाच ते सात वर्षांपुरते. म्हणजे हाफकिनसारख्या संस्थेने किंवा युनिकेमसारख्या कंपनीने तेच औषध दुसऱ्या रीतीने बनवले, तर त्यांना कोणी अडवू शकणार नव्हते. किंमत आदेशाने दुसरी बाजू सांभाळली. औषध बनवायला येणारा खर्च पाहायचा, त्यावर ठरावीक टक्के वाढ द्यायची आणि तेवढ्याच किमतीला ते विकू द्यायचे. एका कुलपाने कारखान्याचे दार सांभाळले, दुसऱ्याने दुकानाचे.

परिणाम व्हायला दहा-पंधरा वर्षे लागली, पण तो झाला. भारतीय रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक यांनी नवनवी औषधे इथे बनवली आणि जगाला विकली. त्याचा कळस २००१च्या फेब्रुवारीत दिसला. एड्सच्या तीन औषधांच्या उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर घेत होत्या. सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तेच उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी दराने देऊ केले. आफ्रिकेतील लाखो माणसे जगली, त्यामागे १९७०चा आपला कायदा होता.

इथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि ती सांगावीच. पण मग २०१८ साली माझ्या वडिलांच्या उशाशी ठेवलेली बाटली महाग का होती? तिच्यातले औषध जुने होते. ते बनवणाऱ्या कंपन्या डझनांनी होत्या. पेटंटचा प्रश्नच नव्हता. उत्तर दुसऱ्या कुलपात होते.

नावाचा धंदा

१९७४ साली केंद्र सरकारने जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९७५ साली अहवाल दिला. देशाला खरोखर आवश्यक अशा ११७ औषधांची यादी तिने केली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली आवश्यक औषधांची यादी १९७७ची, म्हणजे आपली तिच्याही आधीची. समितीची दुसरी शिफारस अधिक धाडसी होती: औषधांची ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि ती मूळ नावानेच विकली जावीत.

सरकारने ही शिफारस घेतली ती ॲस्पिरिन, ॲनाल्जिन यांसारख्या पाच औषधांपुरती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि तीही बारगळली. ही चुकलेली संधी किती मोठी होती, हे प्रिन्सेस स्ट्रीटवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा बीजकावरचे दोन रकाने पाहून गोंधळलो होतो. एक खरेदीदर आणि दुसरा छापील किंमत. सर्दीच्या एका साध्या गोळीची पट्टी दुकानदाराला अडीच-तीन रुपयांना जाई आणि तिच्यावर पंचवीस-तीस रुपये छापलेले असत. त्यावर पुन्हा ‘दहावर दोन’ अशी स्कीम, म्हणजे दहा पट्ट्या घेतल्या की दोन फुकट. मला वाटले, कारकुनाची चूक आहे. शेठ हसले. म्हणाले, “अरे, हाच तर माल चालतो.”

त्यांचे म्हणणे समजायला मला वेळ लागला. इतर कुठल्याही बाजारात दोन उत्पादक भांडले की किंमत उतरते. औषधाच्या बाजारात उत्पादक रुग्णासाठी भांडत नाहीत. ते दुकानदारासाठी, रुग्णालयासाठी आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यासाठी भांडतात. दुकानदार कोणता ब्रँड ठेवील? ज्यात त्याला जास्त सुटते तो. म्हणून स्पर्धा वाढली की खरेदीदर उतरतो आणि छापील किंमत चढते. रुग्णाला दिसते ती फक्त छापील किंमत. तीन रुपये आणि तीस रुपये यांच्यामधले सत्तावीस रुपये कुणाकुणात वाटले जातात, हे त्याला कधीच कळत नाही.

यादी आखडली आणि सूत्र बदलले

छापील किंमत कमाल मर्यादेत राहावी, यासाठीच तर किंमत आदेश होता. त्याचे काय झाले, ते आकड्यांतच सांगतो. १९७९च्या आदेशात ३४७ मूळ औषधे नियंत्रणाखाली होती. १९८७ साली ती १४२ झाली. १९९५ साली ७४. सोळा वर्षांत यादी जवळजवळ पाचपटीने आखडली. कारणे दिली गेली ती अशी: नियंत्रणामुळे उद्योगाला नफा उरत नाही, गुंतवणूक होत नाही, आणि कंपन्या अनेक असल्या की स्पर्धेनेच भाव उतरतील. शेवटचे कारण ऐकायला पटते. पण शेठ काय म्हणाले होते, ते ज्याने ऐकले आहे त्याला ते पटत नाही.

याविरुद्ध लोक लढले. बडोद्याची ‘लोकॉस्ट’ ही संस्था १९८३पासून मूळ नावाने स्वस्त औषधे बनवून दाखवत होती. महाराष्ट्रात डॉ. अनंत फडके आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे या विषयावर मराठीत लिहीत आणि बोलत आले. अखिल भारतीय पातळीवरच्या ‘ड्रग ॲक्शन नेटवर्क’ने लोकॉस्ट आणि इतरांसह २००३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आवश्यक औषधे नियंत्रणाबाहेर जाणार नाहीत याची काळजी घ्या, असे न्यायालयानेही त्याच वर्षी सरकारला बजावले.

दहा वर्षांनी, २०१३ साली, नवा आदेश आला. वरवर पाहता हा विजय होता. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतली ३४८ औषधे नियंत्रणात आली. पण किंमत ठरवण्याचे सूत्रच बदलले गेले. पूर्वी बनवण्याच्या खर्चावर ठरावीक वाढ मिळे. १९९५च्या आदेशात ती शंभर टक्क्यांपर्यंत होती. आता खर्च पाहायचा नाही. बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढायची, तिच्यावर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के चढवायचे. ती कमाल किंमत.

हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एक गोळी बनवायला १ रुपया खर्च येतो. जुन्या सूत्राने ती फार तर २ रुपयांना विकता आली असती. बाजारात तिचे पाच ब्रँड आहेत आणि त्यांचे भाव १०, ९, ८, ३ आणि २ रुपये आहेत. सरासरी ६ रुपये ४० पैसे. त्यावर सोळा टक्के चढवले की ७ रुपये ४२ पैसे. ही झाली ‘नियंत्रित’ किंमत. दहा रुपयेवाल्याला थोडे खाली यावे लागेल, एवढेच. वर्षानुवर्षे फुगवलेला भाव आता कायद्याने मोजून अधिकृत केला. त्यात दर एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढ मिळते. २०२२ साली ती १०.७७ टक्के होती आणि २०२३ साली १२.१२ टक्के.

यादीबाहेरच्या औषधांना तर कमाल किंमतच नाही. वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढेच बंधन. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण चक्रवाढीने आठ वर्षांत किंमत दुपटीपलीकडे जाते. आणि पहिल्या दिवशी किती छापावी, हे कंपनीच्या हाती.

पेटंटची फेरी

दरम्यान पहिले कुलूपही सैल झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५पासून औषधाच्या रेणूवरची पेटंटे परत आली. संसदेने काही अटी मात्र राखल्या. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागू नये, हे कलम ३(ड). त्याच्याच आधाराने सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसचा ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधाबाबतचा दावा फेटाळला.

त्याआधी वर्षभर मुंबईच्या पेटंट कार्यालयात एक निकाल लागला होता. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचे बायरचे नेक्साव्हार हे औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडत होते. ते गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे दिसून आले. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला. महिन्याचा खर्च ठरला ८,८८० रुपये आणि बायरला स्वामित्वशुल्क सहा टक्के. बायर अपिलात गेली, मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही गेली, निकाल टिकला. भारतातला असा हा पहिला परवाना. त्यानंतर दुसरा दिला गेलेला नाही.

औषध तेच, रुग्ण तोच. एका सहीने किंमत तिसाव्या हिश्शाहून खाली आली. औषधाची किंमत विज्ञान ठरवते, असे जे आपल्याला सांगितले जाते, त्याबद्दल मनात शंका यावी इतके हे उदाहरण स्पष्ट आहे.

रुग्णालयाचे दार

गेल्या वीस वर्षांत महागड्या उपचाराची जागा दवाखान्यातून रुग्णालयात सरकली आणि छापील किमतीलाही मोठे गिऱ्हाईक मिळाले. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची गोष्ट सर्वांना आठवत असेल. दिल्लीतील एका वकिलाच्या याचिकेमुळे स्टेंट आवश्यक यादीत आले आणि फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्यांच्या किमती बांधल्या: साधा धातूचा स्टेंट ७,२६० रुपये, औषधाचा लेप असलेला २९,६०० रुपये. त्याआधी लेप असलेल्या स्टेंटला रुग्ण लाखाच्या घरात पैसे मोजत होते. या साखळीत सर्वांत जास्त नफा रुग्णालयाच्या टप्प्यावर जमत होता, असे प्राधिकरणाच्या आकडेवारीतून पुढे आले.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०१८मध्ये, याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांची बिले तपासून निष्कर्ष जाहीर केले. माझ्या वडिलांच्या बिलाच्या काही महिने आधीची ही गोष्ट. औषधे, साहित्य आणि तपासण्या यांवरचा नफा काही बाबतींत १,७३७ टक्क्यांपर्यंत होता. त्याहून मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. नियंत्रित औषधांचा वाटा बिलात सुमारे चार टक्के होता, तर यादीबाहेरच्या औषधांचा जवळजवळ पाव हिस्सा. म्हणजे ज्या किमतीवर सरकारचे लक्ष आहे, ते औषध शक्यतो लिहिलेच जात नव्हते. मोठ्या प्रमाणावर खरेदी करणाऱ्या रुग्णालयांच्या सोयीसाठी उत्पादक फुगवलेली किंमत छापून देतात, असेही प्राधिकरणाने म्हटले. प्रिन्सेस स्ट्रीटवरचे ते दोन रकाने सरकारी कागदावर पहिल्यांदाच इतके स्पष्ट दिसले.

काउंटरवरच्या त्या मुलाचे वाक्य मला तेव्हा नीट कळले. छापील किंमत मुळात ग्राहकाच्या रक्षणासाठी आली: याहून जास्त घेऊ नये, म्हणून. पण ती किती छापावी, यावरचा ताबा आपण सोडत गेलो. मग रक्षणासाठी लिहिलेला आकडा हाच वसुलीचा दाखला झाला.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकायला हवे. रुग्णालये सांगतात की जागा, यंत्रे, परिचारिका आणि रात्रपाळीचा डॉक्टर यांचा खर्च खोलीभाड्यातून निघत नाही, तो औषधांतून काढावा लागतो. यात काही तथ्य असेल. पण मग तो खर्च त्याच्या नावाने बिलात लिहावा, म्हणजे त्याची चर्चा तरी होईल. औषधाच्या ओळीत तो दडवला की चर्चेची जागाच उरत नाही.

परत पिंपरीला

दुसरी रीत आपल्याच देशात चालू आहे. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. मूळ नावाने, निविदा मागवून, राज्यभरासाठी एकत्र खरेदी. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू केली ती याच धर्तीवर. बीजकातला तो आतला रकाना, तीन रुपयांचा, तिथे रुग्णाच्या बाजूने वापरला जातो.

महाराष्ट्राने २०१७ साली ही खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली. ज्या आवारात प्लेगची लस बनली, तिथे निविदांच्या फायली आल्या. पुरवठा रखडत असल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. तरीही सरकारी रुग्णालयाबाहेर हातात चिठ्ठी घेऊन दुकान शोधणारा नातेवाईक आजही दिसतो.

आता त्या दोन नावांकडे येतो. पिंपरीचा कारखाना आजारी पडत गेला आणि २०१६ साली केंद्र सरकारने त्याची जास्तीची जमीन विकायचे ठरवले. पेनिसिलिनचा कच्चा माल देशात बनणे थांबले आणि तो मुख्यतः चीनमधून येऊ लागला. ऑक्टोबर २०२४मध्ये किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवल्या, कारण कच्चा माल महागल्याने ती बनवणे परवडत नाही, असे कंपन्यांचे म्हणणे होते. त्या आठांत बेंझिल पेनिसिलिनचे इंजेक्शन होते आणि स्ट्रेप्टोमायसिनचेही. पिंपरीला सार्वजनिक पैशातून बनलेली हीच ती दोन औषधे. स्वस्त औषध टंचाईत जाते आणि महाग औषध दुकानात ओसंडते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. औषध कितीला बनते, हा प्रश्न विचारणे आपण सोडून दिले आहे.

वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी जनऔषधी केंद्रातून आणतो. पहिल्यांदा आणल्या तेव्हा त्यांनी पट्टी उलटसुलट करून किंमत वाचली आणि विचारले, “इतक्या स्वस्त? मग चांगल्या असतील ना रे?” मी त्यांना समजावले. पण गोळी चांगली आहे याची ग्वाही द्यायला औषध निरीक्षकांची जी भक्कम यंत्रणा लागते, तीही आपण पुरेशी उभी केलेली नाही. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला मी हसू शकलो नाही. पन्नास वर्षे छापील किंमत वाचून वाचून माणसाला किमतीवरूनच औषधाचा गुण ओळखायची सवय लागली आहे.

ते सतरा पानी बिल मी जपून ठेवले आहे. हाथी समितीच्या अहवालाच्या झेरॉक्सशेजारी, एकाच फाइलमध्ये.